‘हंगामी नाला’

प्रश्न : भाऊ, आमचा गाव गोव्यातल्या सांगे तालुक्यात, नेत्रावळी अभयारण्याच्या कडेला. गावामागच्या डोंगरावर लोहखनिजाच्या खाणीचा प्रस्ताव आलाय. पंचायतीच्या फळ्यावर जनसुनावणीची नोटीस लागली, आता सव्वीस दिवस उरलेत. अहवाल इंग्रजीत, साडेचारशे पानांचा. मराठी सारांश अठरा पानांचा, तो मी दोनदा वाचला. त्यात लिहिलंय की प्रस्तावित जागेत पाण्याचा बारमाही स्रोत नाही, विरळ झुडपी वनस्पती आहे आणि अभयारण्याची हद्द दीड किलोमीटरवर आहे. डोंगरावर तीन झरी आहेत, त्यातल्या एकीवर वेळीपवाड्याचं, म्हणजे वेळीप आदिवासींच्या वस्तीचं, पाणी चालतं. गवे तर रोजचे. मी अंगणवाडीत काम करते. सुनावणीला उभी राहणार आहे, पण बोलू काय? वाघ म्हणू की देव म्हणू? माझा भाऊ पूर्वी खनिजाचा ट्रक चालवायचा. तो म्हणतो, तू बोललीस तर माझ्या पोटावर पाय.
— एक वाचक, सांगे

उत्तर : बाय, ‘बारमाही स्रोत नाही’ हे वाक्य मी चांगलं ओळखतो. तसली वाक्यं मी स्वतः लिहिली आहेत, पगार घेऊन.

१९८४ ते २०१२ मी डिचोली तालुक्यातल्या एका खाणीवर सर्व्हेअर होतो. उंची मोजायची दुर्बीण म्हणजे डम्पी लेव्हल, मोजपट्टी धरायला एक पोरगा, डोक्यावर टोपी. एका वर्षी डंप, म्हणजे खाणीतून निघालेल्या माती-दगडाचा ढीग, कुठे टाकायचा त्याची जागा आखायला मला पाठवलं. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. उतारावर एक व्हाळ, म्हणजे ओढा, होता, गोटे उन्हात पांढरे पडलेले, थेंब नाही. मी नकाशावर तुटक रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, ‘हंगामी नाला’. ह्याच व्हाळावर खाली माझ्या आतेचं कुळागर, पोफळीची बाग. शिगमो होईपर्यंत ती तिथे कपडे धुवायची, आणि फेब्रुवारीत पोफळींना पाट सोडायची तो ह्याच व्हाळाचा. मला हे ठाऊक नव्हतं का? होतं. पण नकाशात रकाने दोनच, बारमाही आणि हंगामी, आणि व्हाळ तर सुका दिसत होता. मी खोटं काही लिहिलं नाही, आणि ह्याच गोष्टीचा मला आजही राग येतो.

हंगामी म्हटल्यावर व्हाळाच्या माथ्यावर डंप टाकायला कुणाची हरकत उरली नाही. तिसऱ्या पावसात डंप घसरला. आतेच्या पोफळी कंबरभर तांबड्या चिखलात उभ्या राहिल्या. पोफळीचं मूळ वरवरचं असतं, त्याला हवा लागते; दीड वर्षात एकेक शेंडा गळला. कंपनीने नुकसानभरपाईचा चेक दिला. आतेने तो घेतला, फ्रीज आणला, आणि त्यात ठेवायला टँकरचं पाणी.

म्हणून वाघ की देव, ह्याच्या आधी पाणी.

आता डोंगराच्या पोटात काय असतं ते ऐक, कारण सुनावणीत कंपनीचा सल्लागार पडद्यावर रंगीत चित्रं दाखवील आणि तुला वाटेल आपल्याला ह्यातलं काही कळत नाही. गोव्याच्या खनिजपट्ट्यात वर जांभ्या दगडाचं कवच असतं. जांभा भोकाभोकांचा. पाऊस पडला की तो पितो आणि खाली सोडतो. खाली भुसभुशीत लोहखनिज असतं, भुकटीसारखं. तेही पाणी धरून ठेवतं. म्हणजे ज्याला कंपनी ‘माल’ म्हणते तीच तुमची टाकी. टाकी जिथे डोंगराच्या कुशीला उघडी पडते तिथे झर फुटते. खनिजाचा बराच भाग भूजलपातळीच्या खाली असतो, त्यामुळे ठरावीक खोलीनंतर पंप लावल्याशिवाय खाण चालतच नाही. डिचोलीत समुद्रसपाटीच्याही खाली गेलेले पिट आहेत. पंप रात्रंदिवस पिट कोरडा ठेवतात आणि आजूबाजूच्या विहिरींचं पाणी त्या खड्ड्याकडे ओढलं जातं. शिवाय एक टन खनिज काढायला अडीच-तीन टन माती-दगड बाजूला काढावा लागतो, आणि तो कुठेतरी टाकावा लागतो. कुठे, ते आतेला विचारायला हवं होतं.

मग अहवालात ‘स्रोत नाही’ कसं येतं? त्यामागे कटकारस्थान असेलच असं नाही. खाणीच्या पर्यावरणीय अहवालासाठी पायाभूत नोंदी सहसा एका हंगामाच्या घेतात आणि तो हंगाम पावसाळा सोडून. थंडी किंवा उन्हाळा, तीन महिने. ज्या मुलखात सगळं आयुष्य जून ते सप्टेंबरात घडतं, त्याचा अहवाल लिहिणारा मार्चमध्ये गाडीतून उतरतो! त्याला बेडूक दिसत नाहीत, सड्यावरचं, म्हणजे कातळ-पठारावरचं, गवत आणि फुलं दिसत नाहीत, अळमी म्हणजे रानातली भूछत्रं दिसत नाहीत. दिसतं ते विरळ झुडूप. तू अहवालातलं ते पान शोध जिथे नोंदी कुठल्या महिन्यांत घेतल्या ते लिहिलेलं असतं. त्याचा पान क्रमांक हाताच्या तळव्यावर लिहून सुनावणीला जा.

आणि पावसाळा तुम्ही लिहा. सव्वीस दिवसांत पावसाळा कुठून आणणार असं म्हणशील. तो घरात आहे, माटोळीत.

चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधता ना? कांगले, कवंडळ, शेरवड, हरणां, आंबाडे, तोरिंगण, सुपारीचं शिपटं. ह्यातलं बाजारातून काय येतं आणि डोंगरावरून काय येतं, ते घरोघर विचार. म्हाताऱ्यांना विचार, पोरांना नको. पोरं आता माटोळीच्या बाजारातच जातात. कांगले कुठल्या उतारावरचे, कवंडळाचा वेल कुठल्या दगडापाशी, हरणां कुठल्या मळीत. नाव, जागा, महिना, आणणाऱ्याचं नाव, सही. वीस घरं झाली तर वीस कागद. तुमच्या डोंगराची पावसाळी यादी एवढी प्रामाणिक दुसरी कुणी केलेली नसेल, कारण ती कुणाला हरवायला केलेली नाही, देवाच्या डोक्यावर टांगायला केली आहे. मग तेच कागद पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला दे. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत ती समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमची नोंदवही कपाटात आहे की नाही तेही ह्या निमित्ताने कळेल. मी चार गावांत विचारलं, दोन ठिकाणी चावी सापडली नाही.

झरींचं तसंच. तिन्ही झरींवर जा, मोबाईलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश येतील असं सेटिंग करून फोटो काढ. बादली लाव, भरायला किती सेकंद लागतात ते मोज, तारीख टाक. वेळीपवाड्यावर किती घरं त्या पाण्यावर, तेही. ‘आमच्याकडे भरपूर पाणी आहे’ असं बोललं की इतिवृत्तात ‘ग्रामस्थांनी पाण्याबाबत चिंता व्यक्त केली’ एवढंच उतरतं. ‘दहा लिटरची बादली बावीस सेकंदांत, एकोणीस घरं’ असं म्हटलं तर ते खोडायला कुणालातरी तिथवर चढावं लागेल.

दीड किलोमीटरचं बोलू. सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४च्या गोवा फाउंडेशन निकालात राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यांच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाणकाम नको असं म्हटलं. पुढे २०२२ आणि २०२३च्या आदेशांतही खाणींपुरता हा एक किलोमीटर कायम राहिला. म्हणून सगळे अहवाल एक किलोमीटरच्या जरा पलीकडे उभे असतात. तो आकडा कुठून कुठे मोजला ते विचार. खाणपट्ट्याच्या मधोमध बिंदू घेतला की अंतर वाढतं. मोजायचं ते पट्ट्याच्या सर्वांत जवळच्या कोपऱ्यापासून हद्दीच्या सर्वांत जवळच्या खांबापर्यंत. मी सर्व्हेअर आहे, बाय. पट्ट्याच्या सीमाबिंदूंचे आकडे अहवालात असतात, ते पाठव, मी नकाशावर घालून देतो. फी म्हणून वेळीपवाड्यावरची नाचणी चालेल.

तुमचं अभयारण्य तरी आहे म्हणून हे मोजता येतं, हेही लक्षात असू दे. म्हादई आणि नेत्रावळी ही दोन्ही अभयारण्यं १९९९ साली, राष्ट्रपती राजवटीत, राज्यपाल जे. एफ. आर. जेकब यांनी जाहीर केली. निवडून आलेलं सरकार असतं तर झाली असती का, हा प्रश्न मी खाणीवरच्या कॅन्टीनमध्ये बऱ्याचदा ऐकला, आणि विचारणारे बहुतेक वैतागून विचारत.

सुनावणीच्या दिवसाचं थोडक्यात. ती राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचा प्रतिनिधी अध्यक्ष असतो, सगळ्याचं चित्रीकरण होतं. किमान तीस दिवसांची नोटीस लागते. तारखा तपासून बघ. गणपूर्ती नसते, म्हणजे ‘आम्ही बहिष्कार घालतो’ म्हणून घरी बसलात तरी सुनावणी झाली असंच धरलं जातं. तिथे मतदान नाही. सरपंचाने ‘बहुमताने विरोध’ म्हणून टाळ्या घेतल्या तर घेऊ दे, पण प्रत्येक मुद्दा लेखी दे, पोच घे. शेवटी इतिवृत्त वाचून दाखवतात. त्या वेळी लोक जेवायला पांगलेले असतात. तू पांगू नकोस. तुझा मुद्दा वाचला गेला नाही तर तिथेच उभी राहा.

आणि देव? देव जरूर म्हण, पण योग्य कागदावर म्हण. ओडिशातल्या नियमगिरीचं उदाहरण तुझ्या वेळीपवाड्याला सांग. तिथे बॉक्साइटची खाण होणार होती. १८ एप्रिल २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डोंगरिया कोंध आदिवासींच्या धार्मिक आणि सामूहिक हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा. बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही ग्रामसभांनी नाही म्हटलं. हे २००६च्या वनहक्क कायद्याखाली झालं, आणि तो कायदा गोव्यातही लागू आहे. गावडा, कुणबी, वेळीप यांना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. तुमच्या गावच्या वन हक्क समितीने सामूहिक हक्काचा दावा घातलाय का? वैयक्तिक दावे बरेच असतात, माझी काजूबाग, माझं भाताचं शेत. सामूहिक दावा मागे राहतो, कारण तो कुणा एकाचा नसतो. वाघरोची म्हणजे वाघदेवाची जागा, राई, झर, अळमी काढायची जागा, सगळं त्यात घालता येतं. दावा प्रलंबित आहे एवढं जरी लेखी असलं तरी सुनावणीत सांगायला ते मोठं आहे.

वाघ शेवटी म्हण. वाघ आमच्याकडे आहे हे सिद्ध करायला आता धडपडावं लागत नाही, दुर्दैवाने. जानेवारी २०२०त सत्तरी तालुक्यात गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले, विषाने. २४ जुलै २०२३ला उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई परिसर व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करायचा आदेश दिला. सरकार त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेलं. तू फक्त एवढं विचार : जंगलातून जंगलात जाणारं जनावर तुमच्या ‘विरळ झुडपातून’ जातं की हवेतून?

इतकं करूनही पर्यावरणीय मंजुरी मिळाली तर तीस दिवस मोजायला लाग. राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करायची मुदत तेवढी. सबळ कारण दिलं तर आणखी साठ दिवसांपर्यंत सूट मिळू शकते, पण त्या भरवशावर राहू नकोस. आपलं खंडपीठ पुण्यात.

भावाचं उत्तर खालच्या पत्रात आहे. त्याला हे पान दाखव, पण जेवण झाल्यावर.

प्रश्न : मी कुडचडेचा ट्रकमालक. दोन ट्रक होते. २०१२ला खाणी बंद, मग सुरू, २०१८ला परत बंद. एक भंगारात दिला. तुमच्यासारखे पेन्शनवाले जंगल-जंगल करतात. आमच्या पोरांनी फीच्या जागी झाडाची पानं द्यायची का?
— एक ट्रकमालक

उत्तर : पेन्शनचं खरं आहे. मला मिळते, आणि ती त्याच खाणीची. त्यामुळे तुमच्यावर डाफरायचा अधिकार मला नाही.

पण ट्रक कुणी बंद केले, ह्यावर आपलं भांडण होऊ दे. मी २०१०-११ बघितलंय. चीनला कसलाही हलका माल चालत होता. गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांवर माल बोटीत चढला. रस्त्यावर ट्रकाला ट्रक लागलेला, शाळेची पोरं तोंडाला रुमाल बांधून. त्या वेळी बँका तुम्हाला गाडी घेण्यासाठी कर्ज देताना कुणी सांगितलं का, की ह्या खाणपट्ट्यांचं नूतनीकरणच धड झालेलं नाही? सर्वोच्च न्यायालयाने नंतर म्हटलं की सगळ्या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७लाच संपली होती. पाच वर्षं तुम्ही, मी, सगळे मुदत संपलेल्या कागदावर पोट भरत होतो. २०१५च्या आसपास सरकारने लिलाव न करता पुन्हा पट्टे दिले, ७ फेब्रुवारी २०१८ला ८८ पट्टे रद्द झाले, १६ मार्चपासून खाणी थांबल्या. तुमचा ट्रक वाघाने नाही थांबवला, लिलाव टाळायच्या घाईने थांबवला.

२०१४च्या निकालात न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादाही घातली आहे. म्हणजे ते दिवस परत येणार नाहीत, कुणी प्रचारात काही सांगो. नव्या डोंगराला हात न लावता, लिलाव झालेल्या जुन्या क्षेत्रांतून आणि पडून असलेल्या डंपांतून जो माल हलेल तेवढंच काम आहे, आणि त्यात स्थानिक गाड्या किती हे ग्रामसभेत भांडून घ्यायचं. दुसरं, जिल्हा खनिज निधी. २०१५च्या दुरुस्तीपासून खाणवाल्यांना रॉयल्टीवर जादा रक्कम त्यात भरावी लागते, आणि ती खाणबाधितांसाठी आहे, त्यात पाणी, आरोग्य, शिक्षण, कौशल्य सगळं बसतं. तुमच्या पोरांची फी हा तिथला प्रश्न आहे. अर्ज लिहायला येतो मी, खरंच सांगतो. पेन्शनवाल्याकडे वेळ असतो.

सांग्याच्या पत्रातल्या मुलीच्या भावालाही हेच उत्तर. फक्त एक भर. त्याचा गाव साळावली धरणाच्या पाणलोटात बसत असेल तर त्याच्या डोंगरावरची माती दक्षिण गोव्याच्या नळाला जाते. मडगावचा ग्राहक त्याच्या बाजूने उभा राहू शकतो, आणि त्याच्याविरुद्धही.

प्रश्न : मी मुंबईत, दादरला. सत्तरीत वडिलोपार्जित जमीन, साधारण सात हेक्टर, गर्द झाडी. एका कंपनीचा माणूस येऊन रस्त्यासाठी ‘साधी’ ना-हरकत मागतोय. सही करू?
— एक वाचक, दादर

उत्तर : नाही. साधी ना-हरकत मी अठ्ठावीस वर्षांत एकही बघितली नाही.

आधी एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा, काढा, कुळांची आणि इतर हक्कांची नावं बघा. मग वनखात्यात विचारा की जमीन खाजगी वन म्हणून नोंदली आहे का. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६च्या गोदावर्मन आदेशाने जंगल कुणाच्या मालकीचं आहे ह्याला महत्त्व राहिलं नाही. गोव्यात खाजगी वनाचे निकष ठरलेले आहेत : पंच्याहत्तर टक्के झाडं रानटी जातीची, क्षेत्र किमान पाच हेक्टर किंवा सरकारी वनाला लागून, आणि झाडांच्या फांद्या-पानांच्या छत्राची घनता किमान चाळीस टक्के. तुमची सात हेक्टर त्यात सहज बसत असावी. बसली तर केंद्राच्या परवानगीशिवाय तिथे रस्ता नाही. तुमच्या नातलगांपैकी कुणाला हे ऐकून वाईट वाटेल, कारण जमिनीचा भाव पडतो. चवथीला या, एकदा जाऊन बघा. तिथे आमराई नसून रान आहे हे दादरला बसून समजत नाही.

प्रश्न : आमच्या शाळेने पावसाळ्याआधी विहिरींची पाणीपातळी मोजायचं ठरवलंय. दोरीने मोजतात तसं मोजायचं का? — इयत्ता नववी, डिचोली

उत्तर : दोरी नको. सुती दोरी भिजली की आखडते, नायलॉनची वजनाने ताणते. हार्डवेअरच्या दुकानातून फायबरची तीस मीटरची टेप आणा. टोकाला लोखंडी नट बांधा आणि त्याखाली स्टीलचा छोटा पेला उपडा अडकवा. पाण्याला लागला की ‘डुब्’ असा आवाज येतो, अंधारातही कळतं.

विहिरीच्या कठड्यावर तेलरंगाने एक बाण काढा. दर वेळी त्याच बाणापासून मोजायचं. कठडा जमिनीपासून किती उंच तेही एकदा मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी कुणी कठडा वाढवला की तुमची वही फुकट. सकाळी, पंप लावायच्या आधी मोजा. रविवारी मोजू नका. त्या दिवशी सगळे कपडे धुतात. आणि विहीर सुकली तर रकाना कोरा सोडू नका. ‘सुकी’ असं लिहा, तारीख घाला, बाईंची सही घ्या.